इंदूरच्या एका कॅन्सर हॉस्पिटलमधलं काउन्सेलिंग : आमच्या घराचा अनुभव

कॅन्सर हॉस्पिटलबद्दल विचारायला कुणाचा फोन आला की प्रश्न ठरलेले असतात, सर्जन कोण, मशीन कुठलं, आयुष्मान चालतं का, पॅकेज कितीचं. ते विचारायलाच पाहिजे, आम्ही पण तेच विचारत फिरलो होतो. पण बाबांच्या आजारपणात आम्हाला ज्या विभागाचा सगळ्यात जास्त आधार झाला त्याच्याबद्दल कुणी विचारतच नाही, म्हणून आज फक्त त्याच्याबद्दल लिहितेय. काउन्सेलिंग. दारावरची पाटी सायको-ऑन्कोलॉजी, म्हणजे कॅन्सरच्या पेशंटच्या मनाकडे बघणारा विभाग, अशी आहे पण सगळे काउन्सेलिंगच म्हणतात. हॉस्पिटल इंदूरचंच, ट्रस्टचं. नाव टाकत नाहीये कारण खाली तक्रारी पण आहेत, आणि ज्यांच्याबद्दल आहेत त्यांनी आमच्यासाठी खूप केलंय.

थोडी माहिती आधी. बाबा ६१ वर्षांचे, वीज मंडळातून रिटायर झालेले, आयुष्यभर तंबाखू-चुना. डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा, मग न भरणारी जखम, मग बायोप्सी. ऑपरेशनमधे गालाचा आतला भाग आणि खालच्या जबड्याचा तुकडा काढला, मानेतल्या गाठी काढल्या, छातीवरचं मांस-कातडं वर फिरवून गालात बसवलं आणि जखम भरल्यावर सिकाई. (रेडिएशनला इथे डॉक्टर सोडून सगळे सिकाईच म्हणतात, मी पण तेच म्हणणार.) आपल्या देशात पुरुषांमधे सगळ्यात जास्त सापडणारा कॅन्सर हाच, तोंडाचा, त्यामुळे वॉर्डात डाव्या-उजव्या बाजूला आमच्यासारखीच घरं होती, कुणी खरगोनचं कुणी झाबुआचं कुणी इथलंच परदेशीपुऱ्याचं.

मार्क द्यायचे तर पाचपैकी साडेतीन देईन. उपचार चालू होते तेव्हा पेशंटच्या मनात काय चाललंय हे विचारणं तिथे कुणाच्या मूडवर सोडलेलं नव्हतं, बीपी आणि वजनासारखा त्याचा पण फाईलमधे रकाना होता आणि तो भरल्याशिवाय फाईल पुढच्या टेबलावर जात नव्हती, ह्याचे हे साडेतीन. उरलेला दीड का कापला ते पुढे येईलच.

ह्याच्या आधी आम्ही दुसरीकडे दाखवलं होतं. तिथे रिपोर्ट हातात घेऊन डॉक्टर कॉरिडॉरमधेच उभे राहिले, मागे स्ट्रेचर जातंय, कुणाचा तरी मोबाईल वाजतोय, आणि बाबांकडे न बघता माझ्या भावाला म्हणाले, "कैंसर है, जल्दी ऑपरेट कराना पड़ेगा, तंबाकू खाते थे ना, तो होगा ही." बाबा दीड हातावर बाकावर बसले होते. त्यांनी ऐकलं का नाही हे आम्हाला कित्येक दिवस कळलं नाही, आणि विचारायची हिंमत पण कुणाची झाली नाही. नंतर मी वाचलं की वाईट बातमी सांगायची एक पद्धतच आखून दिलेली आहे, स्पाइक्स म्हणतात तिला, २००० साली अमेरिका-कॅनडातल्या कॅन्सरच्या डॉक्टरांनी मांडली, सहा पायऱ्या आहेत. पहिली पायरीच ही की दार बंद होईल अशी जागा बघा आणि बसा. दुसरी, पेशंटला आधीच काय माहितीये ते त्याच्याकडून ऐकून घ्या. तिसरी, त्याला किती ऐकायचंय ते विचारा. बातमी येते ती चौथ्या पायरीवर, आणि ती सांगून झाली की पाचवी, समोरच्याच्या रडण्याला रागाला थांबून जागा द्या. सहावी म्हणजे आता पुढे काय करायचं ते दोघांनी मिळून ठरवणं. ह्याला काही खर्च नाही हो, एक खुर्ची आणि दहा मिनिटं लागतात.

आता हे हॉस्पिटल. पहिल्याच दिवशी रजिस्ट्रेशननंतर सिस्टरनी वजन घेतलं, बीपी घेतलं आणि एक कागद पुढे केला. त्यावर थर्मामीटरचं चित्र, तळाला ०, वर १०. गेल्या आठवड्यात, आजचा दिवस धरून, मनाला किती त्रास झाला तिथे गोल करा. बाजूला हो-नाहीची लांब यादी, पैसे, जाणं-येणं, नोकरी, मुलाबाळांची काळजी, झोप, भूक, भीती, उदासी, देवाधर्माबद्दलचे प्रश्न, सगळं. ४ किंवा त्याच्या वर गोल आला की काउन्सेलर स्वतः भेटायला येणार, आपण शोधत जायचं नाही. बाबांनी २ वर गोल केला, सिस्टर हसून म्हणाल्या "पक्का अंकल?" आणि बाबांनी खोडून ६ केला.

काउन्सेलर मॅडमना मी नंतर एकदा विचारलं की हा कागद तुम्हीच केलाय का, तर म्हणाल्या नाही, ह्याला डिस्ट्रेस थर्मामीटर म्हणतात, जगभर वापरतात. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमधे जिमी हॉलंड नावाच्या मानसोपचारतज्ज्ञ बाई होत्या, त्यांनी १९७७ मधे कॅन्सरच्या पेशंटांसाठी मानसोपचाराची वेगळी सेवा सुरू केली, ह्या शाखेची सुरुवात तिथली मानतात. दुखणं ० ते १० मधे किती ते विचारतात ना, तसंच मनाचं पण विचारावं हा विचार त्यांच्याच लोकांचा. माणसाला तुम्हाला डिप्रेशन आहे का विचारलं की तो नाहीच म्हणणार, आपल्याकडे तर घरातले चार जण पण त्याच्या वतीने नाही म्हणतील, पण आकडा सांगायला कुणाला काही वाटत नाही. नाडी, ताप, श्वास, बीपी ह्या चार गोष्टी, पाचवं दुखणं आणि सहावी गोष्ट ही, अशी मोजायची सवय सगळ्या कॅन्सर हॉस्पिटलांना लागावी म्हणून तिकडे बरीच वर्षं प्रयत्न झाले. मॅडमचं म्हणणं, कागदाने काही बरं होत नाही, कागद बघून कुणीतरी उठून पेशंटजवळ गेलं पाहिजे. मी मुद्दाम लक्ष ठेवलं, आमच्या बाबतीत तरी गेलं.

आता जो प्रकार बहुतेक मराठी घरांत होतोच त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते. काकांनी, म्हणजे बाबांच्या मोठ्या भावाने, घरी फर्मान काढलं होतं की दादाला कॅन्सर शब्द कळू द्यायचा नाही. आमच्याकडे काका बाबांना दादाच म्हणतात, लहानपणापासूनची सवय. गाठ आहे, काढली की मोकळा, एवढंच सांगायचं. आई पण त्यांच्याच बाजूने. मला आणि भावाला हे पटत नव्हतं, पण काकांसमोर बोलणार कोण. काकांनी सर्जनना पण तसंच सांगितलं, आणि सर्जननी वाद न घालता मॅडमना बोलावलं, हे मला फार आवडलं.

मॅडमनी काकांना एकट्याला बसवलं, मी सोबत होते म्हणून ऐकलं. तुम्ही चुकताय, पेशंटचा हक्क असतो, असलं काहीही त्या बोलल्या नाहीत. विचारलं, "उनको पता चल गया तो आपको किस बात का डर है?" काका बराच वेळ गप्प, मग म्हणाले आमचे वडील असेच गेले, समजल्यावर आठ दिवसांत गेले, अन्नच सोडलं. म्हणजे काकांच्या फर्मानामागे दुष्टपणा नव्हता, आजोबा होते. मॅडमनी ते सगळं ऐकून घेतलं, आणि मग म्हणाल्या की मी माझ्या तोंडून काही सांगणार नाही, फक्त त्यांना काय वाटतंय ते विचारेन, ते जेवढं विचारतील तेवढंच बोलेन, चालेल? काकांना नाही म्हणायला जागाच उरली नाही.

मग बाबांना विचारलं की तुमच्या समजुतीने तुम्हाला काय झालंय. बाबा म्हणाले, "स्क्वॅमस सेल कार्सिनोमा." म्हणजे त्यांच्या कॅन्सरचं रिपोर्टातलं नावच. रिपोर्टचा फोटो काढून ठेवला होता त्यांनी, मोबाईलवर सगळं वाचून झालं होतं. आणि म्हणाले, घरात कुणाला सांगू नका, मुलांची आई फार घाबरट आहे. एकाच घरात सहा माणसं, सगळ्यांना सगळं माहीत, आणि सगळे एकमेकांना वाचवायला गप्प! त्या रात्री आई-बाबा कितीतरी वेळ बोलत बसले होते, आवाज आमच्या खोलीपर्यंत येत होता. ऑपरेशन करायचं का नाही, जबडा गेला तर चालेल का, पैसे कुठल्या एफडीतून काढायचे, हे निर्णय बाबांनी स्वतः घेतले, आणि मला वाटतं नंतर जे सहन केलं ते त्यामुळेच करता आलं. हे आपल्याकडचंच आहे असं पण नाही. १९६१ मधे अमेरिकेतल्या डॉक्टरांना विचारलं होतं तर जवळपास ९० टक्के म्हणाले होते की आम्ही पेशंटला कॅन्सर सांगत नाही, आणि १९७९ मधे तसाच प्रश्न विचारला तर जवळजवळ सगळेच सांगणारे निघाले. एका पिढीत एवढा फरक पडू शकतो.

ऑपरेशननंतर बाबांना बोलता येत नव्हतं. गळ्याला भोक पाडून नळी, नाकातून जेवणाची नळी, गाल एवढा सुजलेला की डोळा अर्धा बंद. आम्ही एक लांब वही आणि पेन दिलं. आता बघा, बाबा वहीत लिहायला लागले की आम्ही सगळे काय करायचो, वहीत डोकं घालून अर्धं वाक्य झालं की पुढचं आम्हीच ओळखून सांगायचो, पाणी का? पंखा का? उशी का? सिस्टर पण तेच, राउंडचे डॉक्टर पण तेच, घाई सगळ्यांना. मॅडम आल्या की स्टूल ओढून बसायच्या आणि बाबा लिहीत असताना वहीकडे बघायच्याच नाहीत. बाबांच्या तोंडाकडे, म्हणजे डोळ्यांकडे बघत थांबायच्या. बाबा लिहून झालं की वही स्वतः फिरवून त्यांच्यासमोर धरायचे, तेव्हा वाचायच्या, आणि उत्तर द्यायच्या. मधे कितीही वेळ जाऊ दे. बाबा मराठीत लिहायचे, मॅडम हिंदीवाल्या, तरी वाचून घ्यायच्या, एखादं अडलं तर आमच्याकडे न बघता बाबांनाच विचारायच्या. दोन-तीन वेळा हे बघितल्यावर आम्ही पण तसंच करायला लागलो, कुणी शिकवलं नाही. आणि मग वहीत पाणी-पंखा सोडून दुसरं पण यायला लागलं. एकदा लिहिलं, "माझ्याकडे बघताना सगळ्यांची नजर गालावर जाते, डोळ्यावर येत नाही." ते वाचून मी बाहेर जाऊन रडले.

टाके सुकले तरी बाबा खायचं टाळत होते, रात्रभर जागे, भिंतीकडे तोंड. आम्हाला वाटलं अशक्तपणा. मॅडमनी समजावलं की इथेच डॉक्टर पण फसतात. भूक जाणं, झोप जाणं, थकवा, वजन उतरणं ही डिप्रेशनची लक्षणं, आणि कॅन्सरची पण, आणि औषधांची पण, मग ओळखायचं कसं? त्यासाठी एक १४ प्रश्नांची प्रश्नावली असते, हॅड्स नावाची, १९८३ पासून आहे. ती खास हॉस्पिटलातल्या पेशंटांसाठी केलेली, म्हणून त्यात शरीराच्या तक्रारी मुद्दाम वगळल्यात. पूर्वी ज्यात मजा यायची त्यात अजून येते का, हसू येतं का, पुढच्या एखाद्या गोष्टीची वाट बघावीशी वाटते का, असे प्रश्न. बाबांचा आकडा चांगला नव्हता. त्यावर मॅडमनी सरळ विचारलं की जीव द्यावासा वाटतो का, असे विचार येतात का. मी दचकले, हे कशाला बोलायचं असं झालं मला. पण त्यांनी सांगितलं की विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट ज्याच्या डोक्यात असतो त्याला सांगायला वाट मिळते, आणि तोंड-घशाच्या कॅन्सरमधे हा धोका जास्त असतो म्हणून विचारावंच लागतं. बाबांनी वहीत लिहिलं, "मरावंसं नाही वाटत. पण उठावंसं पण नाही." मग मानसोपचाराच्या डॉक्टरांनी एक गोळी सुरू केली, झोपेला पण मदत होईल अशी, आणि सांगितलं की असर दिसायला काही आठवडे लागतील, मधेच बंद करू नका. खरंच लागले. पण फरक पडला. ज्यांच्या हॉस्पिटलात असं कुणी नाही त्यांच्यासाठी सांगते, सरकारची टेली-मानस म्हणून फुकट हेल्पलाइन आहे, १४४१६, २०२२ पासून, दिवसरात्र चालते आणि आपल्या भाषेत बोलता येतं.

सिकाईचा मास्क. ह्याबद्दल कुणीच आधी सांगत नाही म्हणून लिहितेय. तोंड-मानेची सिकाई असेल तर जाळीचा प्लास्टिकचा मास्क करतात, गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर ओढून बसवतात, मग तो कडक होतो, आणि रोज तोच मास्क घालून डोकं टेबलाला पक्कं करतात, म्हणजे किरण मिलिमीटर पण सरकू नयेत. साधारण ३० बैठका, आठवड्यातले पाच दिवस, सहा आठवडे. ज्या माणसाच्या गळ्याला नुकतंच भोक होतं त्याला चेहऱ्यावर जाळी घट्ट बसली की काय होईल? मास्क बनवतानाच बाबा हातपाय झाडायला लागले. दुसऱ्या दिवशी मॅडम आणि टेक्निशियन भैय्या दोघांनी मिळून बाबांना मशीनची खोली नुसती दाखवली, कॅमेरा कुठे, आम्ही कुठून बघतो, हात वर केलात की मशीन थांबणार. आणि खरंच एकदा हात वर करायला लावून थांबवून दाखवलं. श्वास मोजत सोडायचा कसा ते शिकवलं. पहिल्या आठवड्यात त्यांनी हात वर केला, नंतर नाही केला. टेक्निशियन भैय्याला काउन्सेलर म्हणून पगार मिळत नाही, पण रोज "दादा, आज इक्कीस हो गए, नौ बचे" हे सांगणारा तोच होता, आणि बाबा घरी येऊन तो आकडा कॅलेंडरवर लिहायचे. माझ्या मते हे सगळं पण ह्याच सेवेत मोजलं पाहिजे. सिस्टर, टेक्निशियन, ड्रेसिंगवाला, आहाराच्या मॅडम, रोज पेशंटला हात लावणारी माणसं ही, ह्यांना बोलायचं कसं ते शिकवलेलं असेल तर काउन्सेलरचं अर्धं काम तिथेच होतं. इथे शिकवलेलं दिसत होतं.

खाण्याचं दुःख इंदूरच्या माणसाला वेगळं सांगायला नको. सकाळी पोहे-जिलबी, जिरावण वरून, आणि ते बंद. तोंड दोन बोटं पण उघडत नव्हतं, आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक ठेवून तोंड उघडायचा व्यायाम, लाळ सुकलेली, तिखट लागलं की आग. आम्ही समजावून काही उपयोग नव्हता, आमचे जबडे शाबूत. मग विभागाने एका जुन्या पेशंटला बोलावलं, देवासचे, काही वर्षांपूर्वी हेच ऑपरेशन झालेले. ते आले, चेहरा बाबांसारखाच एका बाजूने आत गेलेला, शर्ट इस्त्रीचा, बसले आणि पहिलं वाक्य, "खिचड़ी में घी ज़्यादा डालना, फिसल के जाती है." तासभर बसले. बाजारात लोक बघतात तेव्हा काय करायचं, फोनवर समोरच्याला बोलणं कळत नाही तेव्हा काय करायचं, नातवंडं घाबरली तर काय करायचं, पाणी ओघळतं म्हणून खिशात रुमाल कुठला ठेवायचा. मोठमोठ्या डिग्र्यांना जे जमलं नसतं ते त्यांनी केलं, आणि विभागाला हे कळतंय की काही गोष्टी आपल्या बोलण्याने होणार नाहीत, ह्याचे मी अर्धा मार्क जास्तच धरलाय.

पैशांचं. ह्याच विभागात एक सोशल वर्कर सर बसतात, आणि माझं मत आहे की कितीतरी लोकांची चिंता गोळीने नाही तर त्यांच्या टेबलावर कमी होते. आयुष्मानमधे वर्षाला कुटुंबाला ५ लाखांपर्यंत, कार्डावर नाव जुळत नसेल तर काय करायचं, कॅन्सरच्या पेशंटला उपचाराला जायला रेल्वेत सवलत असते, स्लीपर आणि थर्ड एसीत पेशंटचं तिकीट पूर्ण माफ आणि सोबतच्याला पण सूट, त्याचा फॉर्म कुठला, सही कुणाची, हे सगळं ते सांगतात. बडवानीकडचं एक जोडपं उपचार अर्धे सोडून परत निघालं होतं, कारण काय तर सोयाबीन काढायला माणूस नाही आणि इथे राहायला जागा नाही. सरांनी धर्मशाळेत खोली बघून दिली, ते थांबले. फाईलवर हे "चिंता" म्हणून आलंच नसतं.

पण इथेच माझी एक तक्रार. थर्मामीटरचा कागद हिंदी-इंग्रजीत आहे. झाबुआ-अलीराजपूरकडून भिली बोलणारे लोक येतात, निमाडी बोलणाऱ्या म्हाताऱ्या येतात, ज्यांना वाचता येत नाही. सिस्टर घाईत असल्या की सोबतच्या मुलालाच विचारून गोल करून टाकतात, आणि मुलगा ३ च सांगतो. आईचा त्रास मुलाने सांगायचा, त्याला काय अर्थ आहे? सगळ्यांना विचारतात ही ह्या सेवेची खरी ताकद, मग ती सगळ्यांपर्यंत खरंच पोचली पाहिजे.

दुसरी तक्रार जागेची. काउन्सेलिंगची खोली म्हणजे प्लायवूडचं पार्टिशन आणि पडदा, पलीकडे बिलिंगची लाईन. आम्ही बिल भरायला उभे असताना आतल्या बाईंचं घरचं सगळं ऐकू येत होतं, नवरा जवळ येत नाही वगैरे, मी तिथून बाजूला झाले. जिथे माणूस आयुष्यात पहिल्यांदा मनातलं बोलतोय तिथे दार पाहिजे. मानसोपचाराचे डॉक्टर पण आठवड्यातून ठरलेल्या एकाच दिवशी, तो दिवस चुकला की पुढच्या आठवड्यावर.

आणि आई. बाबांना प्रत्येक वेळी विचारलं, आईला कुणीच विचारलं नाही. नळीतून दर दोन तासांनी भरवणं, रात्री कफ खेचायचं मशीन, औषधांचा तक्ता, वर येणारे-जाणारे आणि त्यांचा चहा. आईचं वजन बाबांच्या बरोबरीने उतरलं. तिचा बीपी वाढलेला घरच्या डॉक्टरांनी पकडला, हॉस्पिटलने नाही. मॅडमशी एकदा मी ह्यावर बोलले तर त्यांनी मान्य केलं, म्हणाल्या अटेंडरसाठी वेगळा कागद हवाच, पण आम्ही दोघंच आहोत इतक्या पेशंटांना. ते पण खरं. पण मग मॅनेजमेंटने तिसरं माणूस घ्यावं ना, नवीन लॉबीचं ग्रॅनाईट थांबलं असतं.

तंबाखूबद्दल. त्या आधीच्या डॉक्टरांचं "तो होगा ही" बाबांच्या मनात रुतून बसलं होतं, वहीत कितीदा तरी "माझ्याच कर्माने" असं यायचं. मॅडमनी ते खोटं आहे असं सांगितलं नाही, कारण तंबाखूमुळेच झालं हे बाबांना पण कळत होतं. त्यांनी विचारलं, पहिल्यांदा कधी खाल्ली? बाबा लाईनमन म्हणून लागले तेव्हा, विसाव्या वर्षी, रात्रपाळीला जागं राहायला, सगळेच खायचे. मग म्हणाल्या की विसाव्या वर्षी सवय लागली, निकोटिन सोडू देत नाही, विकणारा दारात, ह्यात तुमचा वाटा आहे पण सगळा तुमचाच नाही. मध्य प्रदेशात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, देशात पहिली, आणि आज पण टपरीवर पान मसाला वेगळा आणि तंबाखू वेगळी अशा दोन पुड्या जोडीने मिळतात. सोडायला निकोटिनचं च्युइंगम चालत नव्हतं तोंडामुळे, पट्टी दिली, आणि सरकारी क्विटलाइनचा नंबर, १८००-११-२३५६. भावाने पण त्याच नंबरवर फोन केला, त्याची पण सुटली. हे बाबांना गोळीपेक्षा जास्त लागू पडलं असं मला वाटतं.

आता जिथे खरे मार्क गेले ते. सिकाईचा शेवटचा दिवस, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले, आणि फाईल बंद. त्यानंतर तो ० ते १० चा कागद आम्ही बघितला नाही. फॉलोअपला गेलं की सर्जन तोंडात टॉर्च मारून बघतात, मान चाचपतात, "बढ़िया है", पुढची तारीख. आणि घरी तर तेव्हाच सगळ्यात अवघड सुरू झालं. इतके दिवस रोज जायचं होतं, माणसं होती, आता दिवसभर घर. नातेवाईक म्हणायला लागले झालं ना बरं, आता कशाला तोंड पाडून बसायचं. तोंडात जराशी साल निघाली तरी परत आलं का, मान दुखली तरी परत आलं का, तपासणीच्या आधीचा आठवडा तर बाबा कुणाशी बोलतच नाहीत. पहिल्या दोन वर्षांत परत येण्याचा धोका जास्त असतो म्हणून तपासण्या पण जवळजवळ असतात, म्हणजे ही भीती महिन्या-दोन महिन्याला परत दारात. ज्या विभागाने ऑपरेशनच्या आधी एवढी काळजी घेतली त्याने इथे हात का सोडावा हे मला कळत नाही. डिस्चार्जच्या कागदावर लिहिलंय की काउन्सेलरचा फोन येईल. आला नाही. मी केला तेव्हा मॅडमनी लगेच वेळ दिली, अर्धा तास बोलल्या, बाबा हलके झाले, पण मी केला म्हणून. ज्याचा कुणी फोन करणारा नाही त्याचं काय. उपचाराचा टप्पा बदलला की परत मोजायचं हे ह्या पद्धतीतच आहे, उपचार संपणं हा पण टप्पाच आहे ना. फॉलोअपच्या ओपीडीत वजनकाट्याशेजारी तोच कागद ठेवला तर एक रुपया जास्त लागणार नाही.

बाबा आता वरण-भात कालवून खातात, बोलणं घरच्यांना पूर्ण आणि बाहेरच्यांना निम्मं कळतं, गेल्या महिन्यात स्वतः वीज मंडळाच्या पेन्शनच्या ऑफिसात जाऊन भांडून आले. पुढच्या वेळी देवासच्या काकांसारखं नवीन पेशंटला भेटायला तुम्ही याल का असं मॅडमनी विचारलंय, बाबांनी अजून हो म्हटलेलं नाही.

जाणार असाल तर एवढं करा. काउन्सेलिंगला वेगळी फी नाही पण ती ओपीडीच्या पर्च्यावरच होते, म्हणून पर्चा जपून ठेवा. दुपारी दोननंतर कुणी भेटत नाही. मानसोपचाराच्या डॉक्टरांचा दिवस आधी फोन करून विचारा, तो बदलत असतो. थर्मामीटरचा गोल पेशंटलाच करू द्या, वाचता येत नसेल तर सिस्टरना वाचून दाखवायला सांगा, त्या दाखवतात. पेशंटबरोबर जो घरी राहणार आहे त्याने आपलं पण नाव मॅडमच्या वहीत लिहून यावं, त्या नाही म्हणत नाहीत, फक्त आपल्याला विचारावं लागतं. आणि सिकाईच्या शेवटच्या दिवशी पेढे वाटायच्या आधी काउन्सेलिंगची पुढची तारीख फाईलवर लिहून घ्या.